पानांची बांधणी
बी. ए. द्वितीय वर्ष

वाचकहो, अंक हातात घेतलाच आहे, तर हा लेख वाचण्याआधी एक काम करा. अंक बरोबर मधोमध उघडा. घडीच्या रेषेवर तारेच्या दोन पिना दिसल्या, तर ही मधल्या पिनेची बांधणी. पिना दिसल्या नाहीत, तर अंकाची पाठ पाहा. ती चपटी असेल आणि आत डिंकाचा थर दिसत असेल, तर ती डिंकाची बांधणी. दुकानात तिला ‘गम बाइंडिंग’ म्हणतात. गेल्या वर्षापर्यंत मी एकाही पुस्तकाची अशी पाठ पाहिली नव्हती. पुस्तक म्हणजे आतला मजकूर, एवढेच मला ठाऊक होते. मग चाळीस रुपये मोजून एक धडा मिळाला आणि आता हातात येईल त्या पुस्तकाची मी आधी पाठ पाहते. मैत्रिणी हसतात. हसोत बापड्या.

त्याचे असे झाले. दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक छोटा प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आमच्या घरातले जाते आता भिंतीला टेकून उभे आहे, दळण गिरणीवर जाते. पण आजीच्या तोंडात ओव्या आहेत त्या आहेतच. रात्री जेवणे आटोपली की ती भिंतीला पाठ लावून बसायची, गुडघ्यावर हात गोल फिरवत एकेक ओवी म्हणायची आणि मी लिहून घ्यायची. हात थांबला की ओवी थांबायची, हा आणखी एक चमत्कार. असे दोन महिने चालले. बत्तीस कागद भरले, म्हणजे चौसष्ट पाने. कागद वाया जाऊ द्यायचा नाही ही आमच्या घरातल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेली सवय. तेव्हा मी कागदाच्या दोन्ही बाजूंनी आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहिले होते. समास सोडणे म्हणजे कोरा कागद फुकट घालवणे, असे मला तेव्हा वाटे.

घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. प्रकल्प ‘चांगला दिसला पाहिजे’ हे मी मनाशी धरून बसले होते, आणि चांगले दिसणे म्हणजे काय, ते मी वर्गातल्या इतर मुलांच्या वह्या पाहून ठरवले होते. पुढे चकचकीत पारदर्शक प्लॅस्टिक, मागे निळा जाड कागद, डाव्या बाजूला काळी प्लॅस्टिकची वेटोळी. पाहुण्यांकडे गेले असताना तिथल्या एका दुकानात कागद दिले आणि दहा मिनिटांत स्पायरल बाइंडिंग करून मिळाले. वडिलांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिले आणि म्हणाले, “लई भारी झालंय.” आजीने त्या वेटोळ्यावरून बोट फिरवले.

“ही गोम कशाला चिटकिवली गं?”

मी हसले आणि तिला वाचून दाखवायला बसले. पहिलीच ओळ वाचता येईना. यंत्राने डाव्या कडेला ओळीने भोके पाडली होती आणि प्रत्येक भोकात एकेक अक्षर गेले होते. ‘दळण’ होते तिथे ‘ळण’ उरले होते. पान उलटले तर मागच्या बाजूला ओळींची शेवटची अक्षरे गेलेली. म्हणजे यमकेच गेली! दुकानदाराने पाहिले नाही आणि मी सांगितले नाही; दोष कोणाचा या वादात मी शिरत नाही. आजीला म्हटले, पुन्हा म्हण, मी गाळलेले भरून घेते. तिने म्हटल्या, पण अकरा ओव्या तिने निराळ्याच म्हटल्या. कुठे भावाचे नाव बदलले, कुठे दुसरी ओळच नवी आली. मी म्हटले, “आज्जे, त्या दिवशी असं नव्हतं म्हटलंस.” ती म्हणाली, “त्या दिवशी त्या दिवसाची म्हणली. आज आजची.” त्या अकरा ओव्या पहिल्या रात्री जशा होत्या, तशा परत मिळाल्या नाहीत. त्या कागदावर अजून आहेत, भोकांसकट.

आमच्या मराठीच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी ग्रंथालयातून दासबोध काढून दिला आणि एकोणिसाव्या दशकातला पहिला समास वाचायला सांगितला. त्याचे नाव ‘लेखनक्रिया निरूपण’. मला वाटले होते की त्यात सुंदर अक्षराचा उपदेश असेल. तो आहेच, पण त्यात बरू कसे घ्यावेत, कागद कसे असावेत, तेही आहे, आणि अक्षरांच्या भोवती चारही बाजूंनी जागा सोडावी हेही सांगितले आहे. ती का? कागदाच्या कडा झिजून झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून. समासाचा अर्थ मला दासबोधाच्या समासात कळला, अशी ही गंमत. त्याच समासाच्या ओघात दोऱ्या, बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलपे यांचाही उल्लेख येतो. लिहून झाले म्हणजे काम संपले असे समर्थांना वाटत नव्हते. लिहिलेले जपायचे कसे, याची यादीच त्यांनी दिली आहे.

आणि हे आपल्या परंड्याला परके नाही. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी, ज्यांच्या हातून दासबोध लिहिला गेला, त्यांचा मठ आपल्याच तालुक्यात डोमगावला, सीना नदीच्या काठी आहे. १९०५ साली धुळ्याहून शंकर श्रीकृष्ण देव यांनी दासबोध छापला, तो डोमगावच्या कल्याणांच्या प्रतीवरून. त्या प्रतीत कडेला जागा सोडलेली नसती, तर अडीचशे वर्षांनी ती छापण्याजोगी उरली असती का, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. असो.

तर पहिली गोष्ट ही, की बांधणी निवडायची ती लिहिण्याआधी, लिहून झाल्यावर नव्हे. कारण प्रत्येक बांधणी कागदाचा थोडा तुकडा मागते. स्पायरलला डावीकडे एक इंच सोडला तर भागते. पुठ्ठ्याच्या पक्क्या बांधणीला दीड इंच हवा, कारण तिथे कडेचा कागद शिवणीत आणि डिंकात जातो. कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहायचे असेल, तर मागच्या पानावर हीच जागा उजवीकडे सोडावी लागते. संगणकावर टाइप करून घेणाऱ्यांनी हे टाइप करणाऱ्याला आधीच सांगावे, तशी सोय त्यात असते. ही एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पुढची गोष्ट मी बार्शीला शिकले. तिथे एका गल्लीत एक वयस्कर बाइंडर आहेत, शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांची फाटलेली पुस्तके बांधून देतात. माझा जखमी प्रकल्प घेऊन एस. टी.ने मी त्यांच्याकडे गेले. मला वाटले, ते विचारतील की कोणता रंग, कोणते कापड. त्यांनी विचारले, “हे उघडणार कोण?” मी गप्प. “किती वेळा उघडणार? उघडून समोर ठेवून लिहायचं आहे, का नुसतं वाचायचं? आणि यात पुढं पान घालायचं आहे का कधी?” माझ्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी म्हटले, “काका, चांगलं दिसलं पाहिजे.” ते म्हणाले, “दिसंल की. ते माझं काम. बाकीचं तुझं.”

त्यांच्या दुकानात त्या दिवशी मी दोन तास बसले. त्यानंतर आणखी दोनदा गेले. जे समजले ते सांगते.

स्पायरलला मी मनातून शिव्या घातल्या होत्या, पण ती बांधणी वाईट नाही. ती पूर्ण सपाट उघडते, मागे दुमडून ठेवता येते, टेबलावर पान धरून ठेवावे लागत नाही. नोट्स, प्रात्यक्षिकाची वही, शिवणकामाची मापे, सरांना तपासायला द्यायचा मसुदा या सगळ्याला तीच बरी. मसुद्याला तर तीच, कारण वेटोळे फिरवून काढले की चुकलेले पान बदलता येते. पण हाच तिचा दोष. जे पान सहज बदलता येते ते कोणीही बदलू शकतो. शिवाय तिला पाठ नसते. ग्रंथालयात पुस्तके उभी असतात आणि बाहेर दिसते ती फक्त पाठ. स्पायरलच्या पाठीवर नाव लिहायला जागाच नाही, तेव्हा कपाटात ती अनामिक होऊन जाते. दोन स्पायरल एकमेकींत अडकतात आणि ओढताना पाने फाटतात. तारेची दुहेरी कड्यांची बांधणी, जी टेबलावरच्या कॅलेंडरला असते, ती हिचीच देखणी बहीण. फरक एवढाच की एकदा दाबली की ती पुन्हा उघडत नाही, आणि दप्तरात चेपली की चेपली.

मधल्या पिनेची बांधणी सगळ्यांत स्वस्त. कागद मधोमध दुमडायचे, एकात एक घालायचे आणि घडीवर पिना मारायच्या. एका दुमडलेल्या कागदाची चार पाने होतात. म्हणून अशा अंकाची पृष्ठसंख्या नेहमी चारच्या पाढ्यात असते. अंकाच्या शेवटी एखादा सुविचार किंवा चार ओळींची कविता अचानक भेटली, तर संपादकांच्या रसिकतेबरोबर चारच्या पाढ्यालाही थोडे श्रेय द्यावे. पाने फार झाली की आतले कागद बाहेरच्यांपेक्षा पुढे सरकतात. तुम्ही दहा-बारा कागद एकात एक दुमडून पाहा, कड उतरती दिसेल. ती कापून सरळ करतात आणि मग मधल्या पानांचा समास बारीक होतो. साठ-सत्तर पानांच्या पुढे ही बांधणी फुगते, मिटत नाही.

डिंकाची बांधणी म्हणजे आपल्या गाइडांची. सगळे सुटे कागद एकत्र दाबून पाठीकडची कड घासून खडबडीत करतात, तिच्यावर वितळलेला गरम डिंक लावतात आणि वर मुखपृष्ठ चिकटवतात. नवे असताना फारच सुबक दिसते. पाठीवर नाव छापता येते. पण प्रत्येक पान फक्त आपल्या एका कडेने डिंकाला धरून असते. ते पुस्तक तुम्ही मधोमध उघडून तळहाताने दाबले की पाठीचा कणा मोडतो. तो डिंक फार उष्णतेने मऊ पडतो आणि काही वर्षांनी वाळून कडक होतो. परंड्याच्या एप्रिल-मेमध्ये एस. टी.च्या खिडकीत ठेवलेल्या गाइडाचे काय होते, हे परीक्षेच्या दिवसांत प्रवास करणाऱ्या कोणालाही विचारा. गुळगुळीत चकचकीत कागदाला तर हा डिंक नीट धरतच नाही. तेव्हा प्रकल्पात फोटोंची पाने असतील तर ही बांधणी टाळलेली बरी.

आता काकांची लाडकी बांधणी. शिलाईची. छापखान्यात एक मोठा कागद तीन वेळा दुमडला की आठ पाने म्हणजे सोळा पृष्ठे होतात. त्याला ‘फॉर्म’ म्हणतात. जुने लोक त्याला जुज म्हणत आणि ते शिवण्याला जुजबंदी. प्रत्येक फॉर्म घडीतून दोऱ्याने शिवायचा आणि तोच दोरा पुढच्या फॉर्मात न्यायचा. पान कडेने चिकटलेले नसते, घडीतून दोऱ्यावर बसलेले असते. म्हणून असे पुस्तक सपाट उघडते आणि पन्नास वर्षे उघडत राहते. मग पाठीला कापडाची पट्टी, खळ, दोन्ही बाजूंना पुठ्ठे, आतून अस्तराचा कागद, आणि रात्रभर दाबाखाली. घाईने दाबाखालून काढले तर पुठ्ठा वाकतो. काका दोरा मेणावरून ओढून घेत होते. मी विचारले तर म्हणाले, दोरा कागदाला कापत नाही आणि गाठ सरकत नाही.

पण कॉलेजच्या प्रकल्पाला ‘पक्की बांधणी’ म्हणून जे देतात ते बहुधा हे नसते. तिथे आपले कागद सुटे असतात, दुमडलेले फॉर्म नसतात. ते कडेने टोचून आरपार शिवतात किंवा तारेच्या पिना मारतात आणि वर पुठ्ठा व रेक्झिन चढवतात. रेक्झिनवर तापवलेल्या अक्षरांनी सोनेरी पन्नी दाबली की प्रबंधासारखे दिसते. हे भक्कम असते, पाने सुटत नाहीत, बदलता येत नाहीत, कपाटात उभे राहते आणि पाठीवर नाव घेते. म्हणून अखेरच्या प्रतीला हे योग्य. मात्र ते पूर्ण उघडत नाही. दीड इंचाचा समास लागतो तो यासाठी. मसुदा स्पायरलमध्ये आणि अखेरची प्रत पुठ्ठ्यात, एवढा नियम पाळला तरी बहुतेकांचे काम होईल.

एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते, मलाही नव्हती. लाकडाला जशी शीर असते तशी कागदालाही असते. यंत्रावर कागद बनताना त्याचे तंतू एका दिशेने लागतात. कागदाच्या एकसारख्या दोन पट्ट्या कापा, एक उभी आणि एक आडवी, आणि एका टोकाला धरून आडव्या धरा. जी ताठ राहते तिच्या लांबीत तंतू आहेत. जी मान टाकते तिच्यात ते आडवे आहेत. पुस्तकात तंतू पाठीला समांतर असावेत. नाहीतर घडी तडकते आणि खळीच्या ओलीने पान लाटेसारखे होते. झेरॉक्सच्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. म्हणून तो कागद लांब बाजूने बांधला तर सुरेख बसतो. पण मधोमध दुमडून लहान पुस्तिका केली की तंतू घडीला आडवे येतात आणि ती कायम जराशी फुगलेली राहते. माझ्या मैत्रिणीची कवितांची पुस्तिका का मिटत नव्हती, ते तेव्हा कळले. तिने कवितांना दोष दिला होता.

काकांच्या प्रश्नांनी पाहिले तर आपल्या जुन्या लोकांच्या रीतींतही फार अक्कल दिसते. पोथी बांधलेली नसतेच. आडवी लांब पाने, वर खाली फळ्या, भोवती तांबडे बासन. पारायण करणारा पान उचलून पलीकडे ठेवतो. पुस्तक पूर्ण सपाट, हात मोकळे. पण पान हरवले तर हरवले, म्हणून ती देवघरात राहते, दप्तरात नाही. उलट कीर्तनकाराला आणि मठातल्या शिष्याला गावोगाव फिरायचे; त्याचे ‘बाड’ शिवलेले असते. ते उघडताना पाने डावीकडे नव्हे, वर उलटतात. अशी हस्तलिखित बाडे धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात पत्रे आणि हिशेब बांधलेलेच नाहीत. कापडाच्या चौकोनात गाठ मारून ठेवलेले असे हजारो ‘रुमाल’ आहेत. जे कागद पुन्हा पुन्हा काढायचे, दाखवायचे आणि परत ठेवायचे, त्यांना गाठच बरी. आणि दिवाळीत वहीपूजनाला मांडलेली व्यापाऱ्याची लाल चोपडी पाहा: मऊ कव्हर, शिवलेली पाने. हिशेबाच्या वहीतले पान गुपचूप बदलता येऊ नये, म्हणून ती शिवलेली.

सरकारी नोंदवहीचेही हेच. तिच्या पहिल्या पानावर ‘या वहीत इतकी पाने आहेत’ असा दाखला आणि खाली सही असते. शिवण आणि हा दाखला मिळून वहीला साक्षीदार करतात. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इकडच्या कित्येक जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत आहेत. उर्दू वही उजवीकडून सुरू होते आणि तिची शिवण आपल्या सवयीच्या उलट बाजूला असते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा अशाच जुन्या वह्या बाहेर निघाल्या. ज्यांचे पान त्या वहीत टिकले त्यांना दाखला मिळायची वाट झाली. तिथे बांधणी ही दिसण्याची बाब राहत नाही.

कचेरीतली फाईल मात्र याच्या अगदी उलट. तिला शासकीय मराठीत नस्ती म्हणतात. पुठ्ठ्याचे कव्हर, कागदाच्या कोपऱ्यात एक भोक आणि त्यातून ओवलेला टॅग, म्हणजे दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी असलेली दोरी. एवढ्या साध्या वस्तूची मी कधी दखल घेतली नव्हती. पण जे प्रकरण अजून चालू आहे, ज्यात उद्या आणखी एक कागद येणार आहे, त्याला याच्यासारखी बांधणी नाही. टॅग सोडा, कागद ओवा, पुन्हा बांधा. कागद बदलला जाण्याची भीती असतेच; म्हणून प्रत्येक पानावर क्रमांक टाकतात. घरचे सातबारे, फेरफार, विजेची बिले, अर्जांच्या प्रती यांना हीच रीत.

आणि काही कागद कशानेच बांधू नयेत. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, गुणपत्रिका, खरेदीखत. यांना भोक पाडू नये, पिन मारू नये, डिंक लावू नये. पिन गंजते आणि कागदावर तांबडा डाग सोडते. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदही पिवळा करते. लॅमिनेशन तर करूच नये; तापवून चिकटलेले प्लॅस्टिक मूळ कागदाला न दुखवता काढता येत नाही. आमच्या घरात वडिलांचा चौथीचा दाखला लॅमिनेट केलेला आहे. तो घरातला एकमेव दाखला होता, म्हणून मोठ्या हौसेने केला होता. आता त्याच्या आत एक बुडबुडा आला आहे, नेमका जन्मतारखेवर. मूळ कागद सुटे, एकेका पारदर्शक पिशवीत ठेवावेत आणि त्यांच्या झेरॉक्स काय हव्या तशा बांधाव्यात.

ज्यांना दुकान लांब आहे त्यांच्यासाठी घरच्या घरी करता येणारी शिलाई सांगते. कागद दुमडून एकात एक घाला. घडीवर तीन भोके पाडा: एक मधोमध, दोन वर-खाली. सुई बाहेरून मधल्या भोकातून आत घ्या, वरच्या भोकातून बाहेर, खालच्या भोकातून आत आणि पुन्हा मधल्या भोकातून बाहेर. बाहेर एक लांब टाका दिसेल; दोऱ्याची दोन्ही टोके त्याच्या दोन बाजूंना ठेवा आणि त्याच्यावर घट्ट गाठ मारा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि पिनेसारखे गंजत नाही.

मी पहिल्यांदा केले तेव्हा साधी सुई जाड कागदातून जाईना. वडील बघत होते. ते आडतीवर हमाली करतात. पोत्यांची तोंडे शिवण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते उठले, कोनाड्यातले दाभण घेऊन आले आणि म्हणाले, “सरक.” तीन भोके एका रेषेत, मोजपट्टी न लावता. मग सुतळी ओढून धरायची सवय असल्यामुळे दोरा त्यांनी असा ओढला की कागद फाटला. दुसऱ्यांदा हळू ओढला. तेव्हापासून आमच्या घरात वह्या शिवण्याचे काम त्यांच्याकडे आहे आणि माझ्या धाकट्या भावाच्या शाळेतल्या दोन वह्याही त्यांनी शिवून दिल्या आहेत. पुस्तकाला हात लावायला कचरणारे वडील आता माझ्या पुस्तकांच्या पाठी तपासतात आणि “हे टिकायचं न्हाई” असा शेरा मारतात.

प्रकल्पाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी सगळ्या ओव्या पुन्हा लिहिल्या, कागदाच्या एकाच बाजूला, दीड इंचाचा समास सोडून. ज्या अकरा ओव्या बदलल्या, त्या दोन्ही लिहिल्या: एक भोकांची, एक नवी. कॉलेजात द्यायची झेरॉक्स प्रत काकांनी पुठ्ठ्यात बांधून दिली, पाठीवर नावासकट. मूळ कागद बांधायला मी पुन्हा बार्शीला घेऊन गेले, तेव्हा काकांनी तोच प्रश्न विचारला, “यात पुढं पान घालायचं आहे का?” आणि या वेळी मला उत्तर माहीत होते. आदल्याच रात्री आजीला चार नव्या आठवल्या होत्या. मी कागद परत आणले. आता ते साध्या पुठ्ठ्याच्या फाईलीत टॅगला ओवलेले आहेत, प्रत्येक पानावर क्रमांक टाकून. काल तो आकडा एक्क्याण्णववर गेला.